छत्रीची खोली आणि मागचा व्हरांडा

झाडू मारणाऱ्या बाईसमोर मोठी माणसं काहीही बोलतात. खुर्चीसमोर बोलावं तसं. आपण खाली वाकलेलो, हातात पोछा, म्हणजे आपल्याला कानच नाहीत असं त्यांना वाटतं. त्यामुळे आमच्याकडे किस्से फार साठतात. दुपारी डबा खायला आम्ही तिघी बसलो की रोज एक तरी नवा निघतो, आणि जुने दोन परत एकदा होतात.

आम्ही तिघी म्हणजे मी, मंदा आणि शेवंताबाई. मोहाडीकडून आमच्या गावाला येताना फादरलोकांचं जे कॉलेज लागतं, तिथं आम्ही साफसफाईला आहोत. आता त्याला कॉलेज म्हणायचं नाही, युनिव्हर्सिटी म्हणायचं. गेटवरची पाटी बदलली, आतले नळ मात्र तेच आहेत, एक दिवस सोडून येणारे.

शेवंताबाई सगळ्यांत जुनी. इथं दवाखाना होता तेव्हा तिची आई झाडायची. मंदा माझ्याच वयाची, तिला दोन पोरं. मला एक पोरगी, परी, चार वर्षांची. ही तिन्ही लेकरं आमच्यासोबत येतात आणि जुन्या बिल्डिंगच्या मागच्या व्हरांड्यात बसतात. हौस म्हणून नाही आणत कोणी. माझा नवरा पहाटेच तलावावर जाळं घेऊन जातो, सासू मासोळीचं टोपलं घेऊन बाजारात जाते, अंगणवाडी अर्ध्या दिवसात सुटते. आणि आमच्या मागच्या दारापासून तलाव दहा पावलांवर आहे. मी इथं फरशी पुसते तेव्हा डोळ्यांसमोर ती दहा पावलं असतात. म्हणून परी माझ्यासोबत. व्हरांडा आहे तोपर्यंत माझं काम आहे. व्हरांडा गेला की मलाही घरी बसावं लागणार, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

*

या जागेचा इतिहास गेटच्या आत एका काळ्या दगडावर कोरून ठेवला आहे. पहिले फादर सायकलवर आले. त्यांनी मोहाच्या झाडाखाली दवाखाना मांडला. मग त्यांनी दगडी बिल्डिंग बांधली, मग चॅपल बांधलं, म्हणजे त्यांचं प्रार्थनेचं घर, मग शाळा बांधली, मग कॉलेज बांधलं. सगळं त्यांनीच बांधलं. शेवंताबाई तो दगड पुसताना दरवेळी म्हणते, "एवढं एकट्यानं बांधलं, तर माह्या आज्याची कंबर कायले मोडली मंग?"

आमच्याकडे इतिहासाचे एक सर आहेत. बाहेरून पाहुणे आले की ते डोक्यावर टोपी घालतात, कॉलरला माइक लावतात आणि सगळ्यांना जुनी बिल्डिंग फिरवून दाखवतात. तिच्या मोठ्या दाराला दगडाची पायरी आहे. पायरीच्या मधोमध लांबट खळगा पडला आहे.

एकदा नागपूरची पंधरा-वीस माणसं आली होती. सर पायरीजवळ थांबले, आवाज जड केला आणि म्हणाले, "हा खळगा नीट पाहा. विद्येच्या ओढीनं इथं आलेल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या पावलांनी हा दगड झिजला आहे."

शेवंताबाई बाजूलाच पोछा मारत होती. ती वर न बघताच म्हणाली, "इळे घासू घासू झिजला थो."

सर म्हणाले, "मावशी, पाणी जरा कमी घ्या."

"धान कापाच्या दिवसात बाया दवाखान्यात नंबर लावून बसत. बसल्या बसल्या इळ्याले धार लावत. पावलानं झिजला असता तर गोल नसता झिजला का?"

पण तोवर पाहुण्यांमधल्या एका बाईंनी डोळे मिटून पायरीला डोकं टेकवलं होतं. शेवंताबाईनं पोछा बाजूला घेतला, त्यांना जागा करून दिली आणि म्हणाली, "पडा बाई, पाया पडा. माह्या मायचा इळा होता, लय धारदार."

*

जुन्या बिल्डिंगवर कौलं आहेत. माकडं त्यावर दिवसभर पळतात. श्रावणात एकदा मी आतल्या खोल्या पुसत होते आणि मागच्या व्हरांड्यात काहीतरी धाडकन पडलं. कशी पळाले ते माझं मला माहीत. परी भिंतीला चिकटून रडत होती आणि तिच्या मांडीपासून हातभर अंतरावर एक अख्खं कौल पडलं होतं, तिच्याच पोत्यावर.

माझ्या मागोमाग इतिहासाचे सर पळत आले. मला बरं वाटलं. म्हटलं माणूस पुस्तकी असला तरी लेकराचा जीव कळतो त्याला.

"फुटलं तर नाही ना?" त्यांनी धापा टाकत विचारलं.

मी परीचं डोकं चाचपून पाहिलं. "नाही सर. लागलंच नाही डोक्याला."

"कौल म्हणतो मी, कौल."

त्यांनी ते कौल दोन्ही हातांनी उचललं, खिशातल्या रुमालानं पुसलं आणि उलटं केलं. आतल्या बाजूला कसलासा शिक्का होता. तो बघून सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. परीच्या डोळ्यांत तर आधीपासूनच होतं, पण ते त्यांना दिसलं नाही.

ते कौल आता काचेच्या पेटीत आहे, खाली मखमल अंथरली आहे. आणि छपरात जिथून ते पडलं, तिथं नवीन कौल अजून बसलं नाही. सर म्हणतात, त्याच शिक्क्याचं पाहिजे. तोवर भोकावर प्लास्टिकची ताडपत्री बांधली आहे. पाऊस आला की तिच्यात पाणी साचतं, तिचं पोट सुटतं आणि मग सगळं पाणी एकदमच पोरांवर.

*

त्या दिवसापासून मला व्हरांड्याची धास्ती बसली. म्हटलं, एवढं मोठं आवार, एवढ्या खोल्या, एक खोली मागून पाहू. नुसती दुपारपर्यंत. तीन लेकरं बसतील एवढी.

हे सगळं पाहायला एक इस्टेट ऑफिसर आहेत. आम्ही त्यांना इस्टेटसाहेब म्हणतो. ते म्हणाले, अर्ज लिही. मी लिहिला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि विचारलं, "ही लेकरं कोणत्या डिपार्टमेंटची?"

म्हटलं, "आमची."

"आमची म्हणजे कोणत्या डिपार्टमेंटची?"

मग त्यांनी अर्जावर काहीतरी खरडलं आणि मला इतिहासाच्या सरांकडे पाठवलं, कारण जुन्या बिल्डिंगमधल्या खोल्या त्यांच्या ताब्यात. सर म्हणाले, एकही खोली रिकामी नाही. मी रोज त्या खोल्या झाडते, हे त्यांच्या लक्षात नसावं. म्हटलं, "सर, कोपऱ्यातली ती दोन खिडक्यांची?"

ते म्हणाले, "ती तर नाहीच नाही. तिथं संस्थापक फादरांची छत्री आहे."

"आणि अजून काय आहे?"

"अजून काय असणार? छत्री आहे."

त्यांनी मला दाखवायला म्हणून ती खोली उघडली. मी रोज पाहते, तरी पाहिली. मधोमध स्टँडवर काळी छत्री, मिटलेली. वर पंखा चालू. कोपऱ्यात हवा कोरडी करणारं एक मशीन, ते घूं घूं करत होतं.

"पंखा कोणासाठी सर?"

"तिला दमट हवा सोसत नाही."

बाहेर पाऊस चालू होता. खिडकीतून मागचा व्हरांडा दिसत होता. ताडपत्री खाली आली होती आणि परी डोक्यावर पोतं घेऊन बसली होती.

म्हटलं, "सर, मग ती छत्री तेवढी बाहेर द्या. आम्ही आत बसतो."

सर हसले. त्यांना वाटलं मी गंमत करते.

*

नवीन बिल्डिंग तर पुण्याच्या आर्किटेक्टनं बांधली. वरपासून खालपर्यंत सगळी काच. आमच्याकडे मे महिन्यात डांबर पातळ होतं आणि ह्यानं काचेची बिल्डिंग बांधली. उद्घाटनाला तो म्हणाला की या इमारतीत आत आणि बाहेर असा भेदच उरलेला नाही. खरंच उरला नाही. बाहेर जेवढं तापतं तेवढंच आत. आता प्रत्येक वर्गात काचेला आतून पेपर चिकटवले आहेत. मुलं कंटाळली की भिंत वाचतात.

त्यात त्यानं सगळ्याला जागा ठेवली. फोटो काढायचा कोपरा ठेवला, झाड ठेवायचा कोनाडा ठेवला, डोळे मिटून शांत बसायला एक ध्यानकक्ष ठेवला. झाडू, बादली आणि पोछा ठेवायला जागा ठेवली नाही. मग आम्ही ते सगळं ध्यानकक्षात ठेवतो. तिथं कोणी येत नाही.

एकदा रेक्टर फादर, म्हणजे इथले सगळ्यांत मोठे, बाहेरच्या पाहुण्यांना बिल्डिंग दाखवत होते. मंदा सकाळपासून तीन मजले पुसून थकली होती. ती ध्यानकक्षात भिंतीला टेकून बसली आणि बसल्या बसल्या तिचा डोळा लागला. मांडी घातलेली, पाठ ताठ, हात मांडीवर. रेक्टर फादरांनी दार उघडलं. पाहुण्यानं आत पाहिलं, लगेच ओठावर बोट ठेवलं आणि दार हळूच ओढून घेतलं.

नंतर त्यानं पाहुण्यांच्या वहीत लिहिलं की इथल्या सफाई कर्मचाऱ्यांनाही साधनेची गोडी लागली आहे. इस्टेटसाहेबांनी ते आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवलं.

मंदा म्हणाली, "दार लावाले नोको होतं पण त्यानं. हवा बंद झाली अन् माही साधनाच मोडली."

*

घंटेचं थोडक्यात सांगते. जुन्या बिल्डिंगवर मनोरा आहे, मनोऱ्यात परदेशातून आणलेली घंटा आहे. ती वाजवायची नाही, कारण ती जुनी आहे. तिच्याऐवजी मनोऱ्यावर भोंगा लावला आहे, त्यातून घंटेचा आवाज येतो. आणि लाइट गेली की तोही येत नाही. मग तास संपला तरी कोणाला कळत नाही. म्हणून इस्टेटसाहेबांनी मनोऱ्याखाली रुळाचा एक तुकडा टांगला आहे, आणि लाइट गेली की शेवंताबाई त्यावर लोखंडी गज मारते.

इतिहासाचे सर एकदा पाहुण्यांना म्हणाले, "ऐका. तोच नाद, जो संस्थापकांनी ऐकला."

शेवंताबाई खालून म्हणाली, "जरा थांबा सर, हात बदलू द्या."

*

नाताळात ते त्यांच्या देवाच्या जन्माचा देखावा करतात. देव गोठ्यात जन्मला, म्हणून गोठा. इतकी वर्षं तो शेवंताबाई करायची. चार बांबू, घरची धानाची तणस, म्हणजे पेंढा, तासाभराचं काम. पण आता युनिव्हर्सिटी झाली ना. मग नागपूरहून डेकोरेशनवाला आला. त्यानं फायबरची गाय आणली, लाइटच्या माळा आणल्या, आणि मग साहेबांना म्हणाला की गोठा नॅचरल दिसला पाहिजे, तणस कुठं मिळेल. ती शेवंताबाईनंच दिली.

पाहुण्यांसाठी गेट रात्रभर उघडं होतं. आम्ही सकाळी येऊन पाहतो तर गोठा नाही. मरियम माता, योसेफ, तीन राजे, सगळे उघड्यावर. फायबरची गाय जागच्या जागी उभी आणि तिच्या बाजूला गावातली खरी गाय बसून रवंथ करत होती.

इस्टेटसाहेब ओरडले, "हिला आत कोणी सोडलं?"

शेवंताबाई म्हणाली, "साहेब, गोठा केला तर गाय येनारच. बोलवा नाई लागत तिले."

दुपारी गोठा परत बांधला आणि एका सिस्टरनं सगळ्यांना समोर उभं करून ती गोष्ट सांगितली. छान सांगितली. त्या आईचे दिवस भरले होते. नवऱ्यासोबत ती एका गावात आली. दारोदार विचारलं आणि सगळे म्हणाले, जागा नाही. शेवटी गोठ्यात बाळ झालं. मी झाडू हातात धरून ऐकत होते. माझ्या बाजूला परी, तोंड उघडं टाकून.

तेवढ्यात शिपाई आला आणि व्हरांड्याच्या भिंतीवर कागद चिकटवून गेला. मंदानं वाचला. कर्मचाऱ्यांनी आवारात लहान मुलं आणू नयेत, जागेची अडचण आहे, आणि खाली इस्टेटसाहेबांची सही.

मंदा माझ्या कानात म्हणाली, "त्यायच्या देवालेच जागा नाई भेटली व सविता. तुह्या परीले कोठून भेटन?"

आम्ही त्या कागदाच्या खालीच पोरं बसवत राहिलो. तिथं ऊन येत नव्हतं. पण रोज सकाळी गेटमधून आत येताना मी आधी इस्टेटसाहेब कुठं आहेत ते पाहायचे.

*

मग कळलं की दिल्लीहून तपासणीची समिती येणार, ती नंबर देणार, आणि जुन्या बिल्डिंगला त्यात फार मार्क आहेत. समितीसाठी पुढच्या हॉलमध्ये काचेखाली सगळ्या आवाराचं मॉडेल मांडलं. बोटभर बिल्डिंगा, काडीएवढी झाडं, नखाएवढी माणसं. एक माणूस चिमट्यानं एकेक झाड चिकटवत होता.

परी काचेला नाक लावून उभी राहिली. "आई, हा आपला व्हरांडा होय."

होता खरा. त्यात छोटी छोटी टेबलं मांडली होती आणि टेबलांवर नखाएवढी माणसं बसली होती.

"हे आमी हाव का?"

मंदानं वाकून पाहिलं. "नाई व बेटा. हे कॉफी पिऊन राहिले."

बाजूला पाटी होती, हेरिटेज कॅफे. कौलाच्या भोकाला त्यात काच बसवली होती, ऊन यावं म्हणून. मी सगळं मॉडेल परत एकदा पाहिलं. पोरं खेळत होती, मास्तर फिरत होते, एक फादर बाकावर बसले होते. हातात झाडू घेतलेली बाई कुठंच नव्हती. एवढं आवार आपोआपच स्वच्छ राहत असावं.

मंदा त्या चिमटेवाल्याला म्हणाली, "दादा, एक बाई बसवा ना झाडू घेऊन. तुमच्याजवळ जागा तं हाय."

तो मान वर न करता म्हणाला, "एवढ्या लहान मापात झाडू दिसत नाही, ताई."

*

आता शेवटचा सांगते. हा आम्ही डब्याला सगळ्यांत जास्त वेळा काढतो.

समिती यायच्या आदल्या संध्याकाळी इस्टेटसाहेबांनी आम्हाला रांगेत उभं केलं आणि सांगितलं, "उद्या एकही लेकरू दिसता कामा नये. ज्या बाईचं लेकरू दिसलं, ती बाई परवापासून कामावर नाही." सांगताना ते माझ्याकडे पाहत होते.

मंदाचं माहेर सिहोऱ्याला, तिनं दोघांना रात्रीच तिकडं पाठवलं. माझं माहेर पार अड्याळकडे. सासूचा बाजाराचा दिवस. अंगणवाडीची बाई मोहाडीला मीटिंगला गेलेली. नवरा म्हणाला, "राहू दे ना घरी, मी येतो दहा वाजेपर्यंत." दहा वाजेपर्यंत. तलाव काठोकाठ भरलेला आणि हा दहा वाजता येणार. मी परीला ओढणीत गुंडाळलं आणि मागच्या तारेच्या कुंपणातून आत घेऊन आले.

आता ठेवायची कुठं? व्हरांडा समिती पाहणार. ध्यानकक्ष पाहणार. छत्री तर पाहणारच पाहणार. शेवंताबाई म्हणाली, "चॅपल त्यायच्या लिस्टीत नाई. तिथं ठेव."

चॅपलमध्ये सागवानाची एक मोठी पेटी आहे, कपाटासारखी. मधल्या भागात फादर बसतात. बाजूच्या भागात पडद्यामागे माणूस गुडघे टेकतो आणि आपण काय चुकलो ते हळू आवाजात सांगतो. दोघांच्या मध्ये लाकडाची जाळी. हल्ली तिकडं फारसं कोणी फिरकत नाही. मी बाजूच्या भागात पोतं टाकलं, परीला बसवलं, हातात मुरमुऱ्याची पुडी दिली. म्हटलं, "आवाज नाही करायचा हं. आपण लपून राहिलो." आणि मी तिथंच बाक पुसत बसले. तेच चार बाक, पुन्हा पुन्हा.

थोड्या वेळानं म्हातारे फादर आले. हे एके काळी इथले प्रिन्सिपल होते, आता मागच्या खोलीत राहतात. दक्षिणेकडून तरुणपणी आले ते इथलेच झाले, आमच्यासारखंच बोलतात. कार्यक्रमाला त्यांना आता कोणी बोलावत नाही, कारण ते मध्येच खरं बोलतात. ते काठी टेकत आले, माझ्याकडे पाहून मान हलवली आणि सरळ पेटीच्या मधल्या भागात जाऊन बसले. दार लावून घेतलं. दुपारच्या जेवणापर्यंत ते तिथंच बसतात, हे मला कुठं माहीत. चॅपल मंदाकडे असतं.

 आता उठून परीला काढू म्हणून मी उभी राहिले, तर दारातून समितीच आत आली. लिस्टीत नसताना. दोन साहेब, एक मॅडम, त्यांच्यामागे इस्टेटसाहेब आणि सगळ्यांच्या पुढे इतिहासाचे सर, माइक लावून.

सर सरळ पेटीपाशी आले. सागवान कुठलं, जाळी कोणत्या पद्धतीची, ते सगळं सांगितलं. मग आवाज जड केला. "इथं माणूस आपलं पाप सांगतो. आणि जे ऐकलं ते फादर कोणालाही सांगू शकत नाहीत. पोलिसाला नाही, राजाला नाही. कोण आलं होतं, काय बोललं, काहीच नाही. जीव गेला तरी नाही."

मॅडमना हे फार आवडलं. त्या लिहून घेऊ लागल्या. सगळे शांत उभे होते आणि पेटीतून आवाज आला,

"तुमाले बी लपवलं का?"

 मग म्हाताऱ्या फादरांचा आवाज आला, "हो."

"कोनं?"

"सगळ्यायनं."

 मग पुडीचा चुरचुर आवाज. "मुरमुरे घ्या."

"दे."

इस्टेटसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी बाकाकडे पाहिलं. ते पडद्याकडे निघाले, तेवढ्यात मधलं दार उघडून म्हातारे फादर बाहेर आले आणि पडद्यासमोरच काठी टेकून उभे राहिले. त्यांच्या पांढऱ्या झग्यावर दोन-तीन मुरमुरे चिकटले होते.

"फादर, आत कोण आहे?"

"सांगता येत नाही."

"लेकरू आहे ना? आम्ही सगळ्यांनी ऐकलं."

"तुम्ही ऐकलं असेल. मला सांगता येत नाही."

मॅडम इतिहासाच्या सरांना म्हणाल्या, "आत्ताच तुम्ही म्हणालात ना, राजालाही नाही?"

सर म्हणाले, "हो मॅडम. तसंच आहे."

"मग यांना कसं सांगतील?"

आणि समिती जेवायला गेली.

इस्टेटसाहेब त्यांना टेबलावर बसवून पाच मिनिटांत परत आले. तोवर परी पडद्याबाहेर येऊन उभी होती, फ्रॉकभर मुरमुरे. लपवायला आता काही उरलंच नव्हतं. साहेब माझ्याशी बोललेच नाहीत. ते परीसमोर वाकले आणि गोड आवाजात म्हणाले, "बेटा, काय काय सांगितलं फादरला? आईनं इथं लपवलं, असं सांगितलं ना?"

परीनं एकदा म्हाताऱ्या फादरांकडे पाहिलं. मग साहेबांकडे पाहिलं.

"थे सांगता येत नाई," ती म्हणाली.

साहेब सरळ झाले. त्यांना माझ्याकडे वळायचं होतं, पण मध्ये फादरांची काठी आली.

"सविता," फादर मला म्हणाले, "हिचं सांगनं आज अर्धंच झालं. उद्या सकाळी घेऊन ये. अन् मंदाच्या दोघायले बी आन. त्यायचं तर लयच बाकी हाय."